हाय-फ्लो कॅटकॉनची निवड : एका जुन्या स्पोर्ट्स कारचा पुण्यातला अनुभव

पेट्रोल गाडीच्या मालकावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅटकॉन, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) बदलण्याची वेळ सहसा येत नाही, आणि आलीच तर रोजच्या वापरातल्या गाडीसाठी ती फारशी अवघडही नसते. भाग इथेच मिळतो, बिल भरले की विषय संपतो. माझी गाडी मात्र २०११ साली पुण्यात नोंदलेली, परदेशातून तयार होऊन आलेली, दोन आसनांची, ३.७ लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाची स्पोर्ट्स कार आहे. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शहरात अशा गाड्या इतक्या मोजक्या आहेत की नाव घेतले की मालकही कळतो. तिचे दोन्ही कॅटकॉन बदलण्याचे काम पुरे व्हायला जवळजवळ सहा महिने लागले. त्या काळात विक्रेत्यांची पत्रे, आरटीओचे कार्यालय, कस्टमची कागदपत्रे आणि भोसरीतली वेल्डिंगची शेड अशा ठिकाणांहून जी माहिती तुकड्यातुकड्यांनी जमवावी लागली, ती इथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात १२ नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. मुंबईहून परतताना इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि दुसऱ्या दिवशी स्कॅनरने पी ०४२० हा कोड दाखवला. त्याचा अर्थ असा की इंजिनाच्या पहिल्या बाजूच्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली गेली आहे. व्ही-सिक्स इंजिनात तीन-तीन सिलिंडरांच्या दोन बाजू असतात आणि या गाडीत प्रत्येक बाजूला स्वतंत्र कॅटकॉन आहे. दुसऱ्या बाजूची तक्रार पी ०४३० या कोडने येते. माझे धायरीचे मिस्त्री कोडवर लगेच विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाहीत. "ताई, कोड आला म्हणजे कॅट गेला असं नसतं. आधी मागचा सेन्सर काय म्हणतोय ते बघू," असे म्हणून त्यांनी गाडी गरम करून घेतली आणि स्कॅनरवर दोन्ही बाजूंचे आलेख शेजारी शेजारी लावले.

पुढचे सगळे निर्णय या आलेखावर उभे होते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते. कॅटकॉनच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे तिथे ज्वलन पुरे होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन सुटा होतो. या दोन्ही क्रिया एकाच वेळी नीट चालायच्या तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहावे लागते. ते क्षणोक्षणी थोडे वरखाली होतच असते, म्हणून थरात सिरियम ऑक्साइडही मिसळलेले असते, जे जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवते आणि कमी पडला की सोडते. हा साठा शाबूत असला की कॅटकॉनच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास संथ राहते. आमच्या आलेखात डावी बाजू तशी संथ होती. उजवीकडची, म्हणजे कोड आलेल्या पहिल्या बाजूची, रेघ मात्र ०.१ ते ०.९ अशी सतत वरखाली धावत होती. मिस्त्रींनी मागच्या सेन्सरच्या छिद्रातून बोरोस्कोपची, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली, बारीक नळी आत घातली, तेव्हा फोनच्या पडद्यावर जाळीचा साधारण एक-तृतीयांश भाग वितळून काचेसारखा गुळगुळीत झालेला दिसला.

सिरॅमिकची जाळी आपोआप वितळत नाही. उजव्या बाजूच्या एका सिलिंडरची इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देत होती, आणि आधीच्या मालकाकडून मिळालेल्या बिलांच्या फायलीत स्पार्क प्लग बदलल्याची नोंदच नव्हती. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल जाळीत जाऊन पेटते आणि तिथले तापमान भलतेच चढते. हे कारण तसेच ठेवून नवा कॅटकॉन बसवला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. म्हणून पहिला खर्च कॉइल आणि सहा प्लगांचा केला. तो मजुरीसह २३,००० रुपये आला. इंजिन ऑइल पीत नाही ना, कूलंट कमी होत नाही ना, हेही याच वेळी पाहून घेतले, कारण ऑइलमधला फॉस्फरस आणि गळणाऱ्या कूलंटमधली रसायने जाळीवर साचून तिला हळूहळू निकामी करतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गाडी पीयूसीला नेली. प्रमाणपत्र १८ जानेवारीला संपणार होते, पण आपण कुठे आहोत ते मला आधीच जाणून घ्यायचे होते. पुणे शहर एप्रिल २०१० पासून बीएस-फोर (भारत स्टेज चार) या प्रदूषण निकषांत आले, त्यामुळे माझ्या गाडीला त्याच मर्यादा लागू आहेत : आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, तर २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण आदर्शाच्या किती जवळ आहे तो आकडा) ०.९७ ते १.०३. गाडीने आयडलवर ०.४४ टक्के आणि २६० पीपीएम दाखवले. एक बाजू चांगली असूनही हा आकडा आला होता. विम्याच्या नूतनीकरणाला पीयूसी हवेच, ही २०१७ सालची अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये काढली होती, पण पीयूसीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहेच.

मूळ बनावटीच्या कॅटकॉनची चौकशी केली तेव्हा एका नगाला दोन लाखांहून अधिक किंमत आणि परदेशातून यायला तीन ते चार महिने, असे उत्तर मिळाले. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात जुना मिळेल का, हेही पाहिले. तिथल्या एका व्यापाऱ्याने सरळच सांगितले, "मॅडम, डबा मिळेल, पण आतल्या मालाची गॅरंटी कोण देणार?" ते पटले. वापरलेल्या कॅटकॉनमध्ये किती जीव उरला आहे हे बाहेरून कळत नाही, आणि आतल्या धातूंना भंगारात चांगला भाव असल्याने काही वेळा जाळी आधीच काढून घेतलेली असते.

या टप्प्यावर ओळखीतल्या गाडीवाल्यांचा सल्ला जवळजवळ एकमुखी होता : जाळी काढून टाका, साधा पाइप घाला, आणि मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून दूर धरणारा तुकडा) लावून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, गप्प करा. मी हा पर्याय विचारात घेतला नाही. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला आणि फेब्रुवारी २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, त्यालाही आता पाव शतक होत आले. सिग्नलला माझ्या मागे उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या माणसाने माझ्या हौसेचा धूर का घ्यावा, याचे उत्तर मला सापडत नव्हते. शिवाय कायद्याचीही बाजू होती.

ती समजून घ्यायला संगम पुलाजवळच्या आरटीओत गेले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. माझा प्रश्न असा होता की निकामी झालेल्या भागाच्या जागी तेच काम करणारा, पण दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला तर तो बदल ठरतो की दुरुस्ती. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की आरसीवर कॅटकॉनची वेगळी नोंद नसते, त्यामुळे तिथे काही चढवायचे नाही. पण धूर किंवा आवाज मुळापेक्षा वाढला तर तो बदलच धरला जाईल, आणि 'फक्त रेसिंगसाठी' असे छापलेला भाग गाडीखाली सापडला तर त्यावर युक्तिवाद करायला जागा उरणार नाही. बिल, जुन्या भागाचे फोटो आणि आधीचे-नंतरचे पीयूसी जपून ठेवा, असेही त्यांनी सुचवले. हे काही लेखी परवानगीचे पत्र नव्हे, आणि माझा अनुभव कोणी तसा वापरू नये. युरोपात बदली कॅटकॉनसाठी नियमन १०३ खाली मान्यता असते आणि कॅलिफोर्नियात प्रत्येक मान्य भागाला स्वतंत्र आदेश क्रमांक असतो. अशा मान्यतेचा भाग तुमच्या गाडीसाठी मिळत असेल तर निवड तिथेच संपवावी. माझ्या गाडीच्या अचूक मॉडेलसाठी तसा मिळाला नाही. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून काम करणारी एआरएआय ही वाहन संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर असली, तरी तिचे काम मुख्यतः निर्मात्यांच्या गाड्यांच्या प्रमाणीकरणाचे आहे. सुट्या मालकाने एक कॅटकॉन घेऊन तिथे जाण्यात अर्थ नव्हता.

मग खरी निवड सुरू झाली. उरला होता तो दुसऱ्या कंपन्यांचा, वायूला अधिक मोकळी वाट देणारा कॅटकॉन. त्याच्या जाहिरातीत 'हाय-फ्लो' हे शब्द फार सहज येतात आणि त्यांच्यासोबत पंधरा-वीस अश्वशक्ती वाढल्याचा आलेखही येतो. मी आलेख बाजूला ठेवले आणि फक्त जाळीविषयी विचारायचे ठरवले, कारण डबा कितीही चकचकीत असला तरी पीयूसीचा आकडा जाळीच ठरवते.

पहिला आकडा कप्प्यांचा. एका चौरस इंचात किती कप्पे आहेत, त्यावरून जाळी १००, २००, ३००, ४०० किंवा ६०० ची म्हणतात. मूळ गाड्यांमध्ये सहसा ४०० किंवा त्याहून दाट जाळी असते. हाय-फ्लो म्हणून विकल्या जातात त्या बहुधा १०० ते ३०० च्या. कप्पे ४०० वरून २०० वर आणले म्हणजे वायूला भिडणारा पृष्ठभाग निम्मा होतो असे वाटते, पण हिशेब वर्गमुळाचा आहे, त्यामुळे तो साधारण ७० टक्के उरतो. १०० च्या जाळीत मात्र तो निम्म्यावर येतो. दुसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची, आणि माझ्या मते ती कप्प्यांच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असूनही जाहिरातीत क्वचितच सापडते. नेहमीच्या ४०० च्या सिरॅमिक जाळीची भिंत सुमारे ०.१६ मिलिमीटर जाड असते, तर धातूच्या जाळीचा पत्रा सुमारे ०.०५ मिलिमीटरचा. म्हणजे समोरून पाहिले तर सिरॅमिकमध्ये साधारण तीन-चतुर्थांश जागा वायूला मोकळी असते आणि तितक्याच कप्प्यांच्या धातूच्या जाळीत ती नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. वाट मोकळी करण्यासाठी कप्पे कमी करत १०० पर्यंत जायची गरजच नाही; दाट जाळी धातूची घेतली तरी वाट पुरेशी मोकळी होते आणि रसायनाला पृष्ठभागही मिळतो.

तिसरा प्रश्न आकारमानाचा होता. चार इंच व्यासाची आणि चार इंच लांबीची जाळी म्हणजे जेमतेम ०.८२ लिटर, दोन्ही मिळून १.६५ लिटर, आणि इंजिन ३.७ लिटरचे. इतक्या लहान जाळीत ऑक्सिजनचा साठा तुटपुंजा राहतो आणि काही आठवड्यांत पी ०४२० परत येतो, ही हाय-फ्लो बसवणाऱ्यांची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. चौथा प्रश्न मौल्यवान धातूंच्या प्रमाणाचा. तो घनफुटामागे ग्रॅममध्ये सांगतात, आणि स्वस्त मालात काटछाट नेमकी इथे होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

हे चारही प्रश्न मी परदेशातल्या काही विक्रेत्यांना एकाच मजकुराचे पत्र लिहून विचारले. आलेली उत्तरेच पुरेशी बोलकी होती. एकाने पुन्हा अश्वशक्तीचा आलेख पाठवला. एकाने "दिवा लागणार नाही" अशी हमी दिली आणि खाली ओळीत लिहिले की खोक्यात सेन्सरचे स्पेसर सोबत मिळतील; ज्या वस्तूसोबत लबाडीचे साधन मोफत येते, तिच्या जाळीविषयी आणखी काही विचारायची गरज नव्हती. एकाने मात्र जाळी कोणाकडून घेतो, व्यास, लांबी, कप्पे आणि धातूंचे प्रमाण अशी सगळी माहिती एका पानावर पाठवली आणि वर स्वतःहून लिहिले की त्यांचा २०० चा नमुना या इंजिनावर कधीकधी कोड देतो, म्हणून रस्त्यावरच्या गाडीला ते ३०० चा आणि पाच इंच लांबीचा सुचवतात. ग्राहकाला कमी 'फ्लो' घ्यायला सांगणारा विक्रेता मला भरवशाचा वाटला. दोन नगांचे ८४,५०० रुपये आणि वाहतुकीचे १३,२०० रुपये भरून २७ जानेवारी २०२५ रोजी मागणी नोंदवली. दोन्ही बाजू एकदमच बदलायचे ठरवले, कारण एकीकडे दाट सिरॅमिक आणि दुसरीकडे मोकळी धातूची जाळी असली तर दोन बाजूंचा रोध वेगळा होतो आणि इंजिन तसे चालवणे बरे नव्हे.

दरम्यान १८ जानेवारीला पीयूसी संपले होते, त्यामुळे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅटरी सोडवून उभी केली. हौसेची गाडी महिनाभर आवरणाखाली पाहणे जड जाते. पण उघड्या डोळ्यांनी दंड ओढवून घेण्यापेक्षा ते बरे.

पार्सल मुंबईत अडकले. विक्रेत्याने बिलावर नुसते 'एक्झॉस्ट पाइप' असे लिहिले होते. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पाइप कस्टमच्या वर्गवारीत ८७०८.९२ खाली येतात, तर कॅटकॉनसाठी ८४२१.३२ असे वेगळे उपशीर्षक आहे. खोके उघडल्यावर वस्तू आणि वर्णन जुळेना. कुरिअर कंपनीने आधार, पॅन, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तूचे वर्णन मागितले. मी विक्रेत्याकडून दुरुस्त केलेले बिल आणि ते माहितीचे पान मागवून पाठवले, आणि सुमारे तीस हजार रुपये शुल्क व कर भरल्यावर माल सुटला. मागणी नोंदवतानाच विक्रेत्याला बिलावर नेमके वर्णन आणि उपशीर्षक लिहायला सांगितले तर हा आठवडा वाचतो. बिल ऑफ एन्ट्रीची (आयातीच्या कस्टम नोंदीच्या कागदाची) प्रत कुरिअरकडून आवर्जून मागून घ्यावी. पुढे गाडी विकताना किंवा कोणी विचारल्यावर तोच कागद उपयोगी पडतो.

२४ फेब्रुवारीला खोके घरी आले. मी स्टीलची पट्टी आणि फोनचा टॉर्च घेऊन बसले. ३०० कप्प्यांच्या जाळीत एका इंचाच्या रेषेत साधारण सतरा कप्पे यायला हवेत, २०० मध्ये चौदा आणि १०० मध्ये दहा. धातूच्या जाळीचे कप्पे चौकोनी नसतात. सपाट पत्र्यावर पन्हळी पत्रा ठेवून त्यांची गुंडाळी केलेली असते, त्यामुळे ही मोजणी कच्चीच, पण दहा आणि सतरा यांतला फरक लपत नाही. दोन्ही टोकांकडून सतराच्या जवळपास आले. जाळी बाहेरच्या नळीला कडेने नीट ब्रेझ केलेली होती, आत कुठे पत्रा दबलेला नव्हता, आणि हलवल्यावर आवाज येत नव्हता.

गाडीवर धरून पाहिल्यावर दोन अडचणी निघाल्या. उजव्या नगाच्या मागच्या फ्लँजची (पाइप जोडणाऱ्या चकतीची) भोके मूळ पाइपशी दीड-दोन मिलिमीटरने जुळत नव्हती. आणि त्याच नगावर मागच्या सेन्सरची जागा आडव्या रेषेच्या खाली झुकत होती. सेन्सर नेहमी आडव्या रेषेच्या वर तोंड करून बसवावा लागतो, नाहीतर गाडी थंड असताना नळीत साचणारे पाणी त्याच्या टोकाशी जमते आणि सुरू करताच आतले गरम सिरॅमिक तडकते. दोन्ही कामांसाठी भोसरी एमआयडीसीत मिस्त्रींच्या ओळखीच्या एका आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने नळी हातात फिरवून पाहिली आणि विचारले, "आतून गॅस सोडून मारू ना? नाहीतर आत खरबडीत होईल." हा प्रश्न स्वतःहून विचारणारा कारागीर मिळाला की निम्मी काळजी मिटते. वेल्डिंगचा थेंब आत उतरला तर तो सुटून जाळीवर आपटत राहतो. त्याने जुने तोंड बुचाने बंद केले, घड्याळातल्या दहाच्या दिशेला एम-१८ बाय १.५ आट्यांची नवी बॉस (सेन्सर बसवायची कडी) लावली आणि फ्लँज नवी कापून बसवली. त्या आधी सेन्सरची वायर तिथपर्यंत ताण न पडता पोहोचते का, हे आम्ही गाडीखाली दोरा धरून मोजून घेतले होते. गॅस्केटसह हे काम ९,५०० रुपयांत झाले.

बसवणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. चौदा वर्षे तापलेले नट सहज सुटत नाहीत. मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले, तरी एक स्टड तुटलाच आणि तो ड्रिल करून काढावा लागला. गॅस्केट आणि नट नवेच घ्यावेत, जुने वापरू नयेत. मूळ कॅटकॉनवर असलेली उष्णतारोधक पत्र्याची कवचे नव्या मालावर नव्हती, म्हणून जुनी काढून क्लॅम्पने बसवली. ही कवचे वगळण्याचा मोह अनेकांना होतो. पण गाडीखालची वायरिंग आणि उन्हाळ्यात वाळक्या गवतावर केलेले पार्किंग यांचा विचार करता ती हवीतच. शेवटी गाडी लिफ्टवरून उतरवून जमिनीपासून फ्लँजपर्यंतचे अंतर मोजले. आमच्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक कोणत्याही मानकात बसणार नाही असा आहे, आणि त्यावरून रिकामी गाडी जाते पण दोन माणसे बसली की घासते, अशी स्थिती मला नको होती. अंतर मूळपेक्षा सेंटिमीटरभरच कमी भरले. मजुरी १२,००० रुपये.

पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटे जळक्या तेलाचा वास आला, जो कारखान्यातल्या हाताळणीचा असतो आणि निघून जातो. आवाज किंचित कोरडा झाला, मोठा नाही. आम्ही गाडी वीसेक मिनिटे चालवून चांगली तापवली आणि थेट पीयूसी केंद्रावर नेली. कॅटकॉन अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि धातूची जाळी जशी लवकर तापते तशी लवकर थंडही होते, त्यामुळे रांगेत इंजिन बंद करून उभे राहू नये. आयडलवर ०.०९ टक्के आणि ६१ पीपीएम, वरच्या आरपीएमवर ०.१० टक्के आणि लॅम्डा १.०१ असे आकडे आले. एरवी शे-सव्वाशे रुपयांची ती पावती मी दोनदा वाचली.

यानंतर ईसीयूची परीक्षा उरली होती. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर जातात, आणि कॅटकॉनची तपासणी पुरी व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात करून काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवावी लागते, जे कर्वे रस्त्यावर कोणत्याही वेळी शक्य नाही. एका रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत जाऊन आल्यावर तपासणी 'पूर्ण' दिसली. पण एप्रिलच्या मध्यावर स्कॅनरमध्ये पी ०४२० 'पेंडिंग' (अजून पक्का न झालेला) म्हणून दिसला, आणि सगळा खर्च पाण्यात गेला की काय असे मला क्षणभर वाटले. मिस्त्रींनी थंड इंजिन सुरू करून फ्लँजपाशी हात फिरवला. उजव्या सांध्यातून बारीक फुसफूस येत होती. मागच्या सेन्सरच्या आधी अशी गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला वाटते की कॅटकॉन काम करत नाही. काही वेळा तापून थंड झाल्यावर नवी गॅस्केट बसते, तेव्हा नट पुन्हा आवळावेच लागतात. ते आवळल्यावर कोड आपोआप गेला आणि मे अखेरपर्यंत तरी परतलेला नाही. उजव्या सेन्सरची रेघ आता ०.६५ च्या आसपास संथ असते.

ताकद वाढली का, हे मला सर्वांत जास्त वेळा विचारले जाते. मी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी नेली नाही, कारण अर्धवट बुजलेल्या कॅटकॉनशी तुलना करून येणारा आकडा फसवा असता. वरच्या आरपीएमला इंजिन पूर्वीसारखे मोकळे धावते, इतकेच मी म्हणेन. टर्बो नसलेल्या इंजिनाकडून केवळ कॅटकॉन बदलून याहून फार अपेक्षा धरू नये.

विमा कंपनीला मी बिलासह ईमेल करून हा बदल कळवला. त्यांनी फोटो आणि पीयूसी मागितले आणि नोंद घेतल्याचे उत्तर दिले. हप्ता बदलला नाही. जुन्यांपैकी वितळलेला उजवा नग नाना पेठेत विकता आला असता, डाव्याला तर त्याहून बरा भाव मिळत होता. दोन्ही ठेवले आहेत, कारण पुढे कधी मूळ स्थिती दाखवायची वेळ आली तर मूळ डबे हाताशी असलेले बरे. २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरावा लागेल. तो मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून देता येतो. त्यासोबत पर्यावरण कर आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी आहे. त्या फायलीत आरसी आणि विम्याच्या मागे दोन्ही पीयूसी, बिल ऑफ एन्ट्री, विक्रेत्याचे माहितीचे पान आणि बोरोस्कोपचे फोटो आताच लावून ठेवले आहेत.